राखीव गोलकीपरची कानपिळी

माझा मुलगा लॅटव्हियात असतो असं सांगितलं की कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मंडळातल्या बायका लगेच विचारायच्या, "मेडिकलला का?" ओळखीपाळखीतली एक-दोन मुलं त्या बाजूला डॉक्टरकी शिकायला गेली होती, त्यामुळे दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. सुरुवातीला मी "नाही हो, फुटबॉल खेळायला" असं सांगत असे. मग पुढची सरबत्ती सुरू व्हायची. कुठल्या टीमकडून, टीव्हीवर दिसतो का, आणि शेवटी आवाज खाली आणून, "पण तसा करतो काय?" मला या प्रश्नाचा मनस्वी कंटाळा आला. पुढे कुणी "मेडिकलला का?" म्हटलं की मी नुसती हसायची आणि मसालेभाताचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवायची.

मुलगा गोलकीपर. लहानपणापासून तो एका मोठ्या इंग्लिश क्लबच्या अकॅडमीत होता. शाळा सुटली की त्याला तिथे नेऊन सोडायचं आणि सराव संपेपर्यंत गाडीत काच वर करून बसायचं, ही माझी आणि ह्यांची कित्येक वर्षांची ड्यूटी. मग एक दिवस क्लबने त्याला खोलीत बोलावलं, हात मिळवला आणि घरी पाठवलं. कारण काय, तर उंची कमी पडते. त्यानंतर तो सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरायचा आणि शनिवारी कुठल्यातरी फुटकळ टीमसाठी चिखलात उड्या मारायचा. ह्यांचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. ते म्हणायचे, "इंजिनिअरिंगचा फॉर्म अजून भरता येईल." मुलगा ऐकून घ्यायचा आणि हातमोजे वाळत टाकायला बागेत जायचा.

अशात त्याला एक एजंट भेटला. लॅटव्हियातल्या एका क्लबला गोलकीपर हवाय, तो देश आता युरोपियन युनियनमध्ये आलाय, त्यामुळे परमिटबिरमिटची कटकट नाही, असं त्याने सांगितलं. जानेवारीत मुलगा तिथल्या राजधानीला, रिगाला, जाऊन ट्रायल देऊन आला आणि फेब्रुवारीत दोन बॅगा भरून गेला.

क्लब रिगाचा असता तरी मी समजून घेतलं असतं. हा होता तिथून बसने बऱ्याच आत असलेल्या एका गावाचा. गावाचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. एक तळं, एक चर्च, एक लाकडाची वखार, आणि वखारीच्या मालकाचा हा क्लब. पण क्लब व्यावसायिक, देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधला. खेळाडूंना पगार, राहायला फ्लॅट, दुपारी क्लबच्या कँटीनमध्ये जेवण. मैदानाच्या एकाच बाजूला बसायला बाकं, बाकी तिन्ही बाजूंना पाइनची झाडं. बॉल झाडांत गेला की राखीव खेळाडू आणायला पळतात, असं त्याने पहिल्याच फोनवर हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

त्याच जानेवारीत मुलीचं लग्न ठरलं होतं. जावई साउथहॅम्प्टनचा, तिथेच जन्मलेला, कंटेनर पोर्टच्या ऑफिसात नोकरीला. इथे लग्न ठरवताना आधी हॉल मिळतो का बघायचं, मुहूर्त मागाहून. कुणाचंतरी बुकिंग रद्द झालं आणि आम्हाला जूनमधला एक शनिवार मिळाला. ईलिंगच्या गुरुजींनी त्या शनिवारात मुहूर्त बसवून दिला. मुलाला विचारलं, तो म्हणाला, "जून इज परफेक्ट, आई. सीझन ओव्हर असतो." बरोबरच होतं. या देशात फुटबॉल ऑगस्टला सुरू होतं आणि मेमध्ये संपतं. जूनमध्ये खेळाडू सुट्टीवर जातात आणि बायका सुटकेचा निःश्वास टाकतात. हे आमच्या घरात सगळ्यांना इतकं पाठ होतं की दुसरीकडे कुठे वेगळं असेल अशी शंकाही कुणाला आली नाही.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. "आई, इथे ग्राउंड अजून फ्रोझन आहे. सीझन एप्रिलला स्टार्ट होतो."

"मग संपतो कधी?"

"नोव्हेंबर."

मी लायब्ररीत होते. कौन्सिलच्या लायब्ररीत मी काम करते. फोन ठेवला, अॅटलस काढला आणि तो देश किती वर आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं. जिथे हिवाळाभर जमीन दगडासारखी असते तिथले लोक उन्हाळ्यातच खेळणार, हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. आम्ही मात्र हॉल, केटरर, फोटोग्राफर, सगळं पक्कं करून बसलो होतो.

मुलीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो येणार. त्याला कान पिळायचंय." ती इथली, पण मराठी हट्टाने बोलते आणि मी आता तिला सुधारणं सोडून दिलंय. या कानामागे जुनी गोष्ट होती. दोघं लहान असताना आम्ही त्यांना घेऊन एका लग्नाला गेलो होतो. तिथे नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळला, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरला, आणि नवरदेवाने त्याला भेट दिली. घरी येताना माझ्या मुलाने गाडीत जाहीर केलं होतं, "मी असा पिळणार की तुटेल." तेव्हापासून मुलीशी भांडण झालं की तो म्हणायचा, थांब, तुझ्या नवऱ्याचा कान माझ्या हातात आहे. पुढे जावई घरी येऊ लागला तेव्हा हा त्याच्याशी बोलताना मुद्दाम त्याच्या कानाकडे बघायचा. जावईही बेटा कानावर हात ठेवूनच घरात शिरायचा.

एप्रिल आला, मे आला आणि मुलगा काही खेळेना. क्लबची वेबसाइट लॅटव्हियन भाषेत होती. लायब्ररीत कंप्युटर वापरायला एक लॅटव्हियन बाई यायच्या, वेअरहाउसमध्ये पॅकिंग करायच्या. त्यांना मी ती वाचायला लावायची. गावाचं नाव ऐकून त्या पहिल्यांदा हसल्याच. त्या रिगाच्या. "तिकडे कोण जातं?" म्हणाल्या. मग त्यांनी बोटाने दाखवलं, वरची अकरा नावं खेळलेल्यांची, रेघेखालची बाकावर बसलेल्यांची. आमचं नाव दर आठवड्याला रेघेखाली.

इतर खेळाडू राखीव असले तरी शेवटची दहा मिनिटं का होईना मैदानात जातात. गोलकीपर एकदा उभा राहिला की त्याला कुणी बदलत नाही. मॅचच्या आधी सगळ्यांनी याच्यावर बॉल मारून हात साफ करून घ्यायचे आणि मग याने जाकीट घालून बसायचं. लग्नात करवली पहाटेपासून नटूनथटून कलश घेऊन उभी असते, तसं. माझा मुलगा ते हौसेने करत होता. मला मात्र संताप यायचा. यासाठी का आम्ही गाडीत बसून थंडी खाल्ली? घरी ये, असं मी प्रत्येक फोनवर म्हणायची आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "वन चान्स, आई. वन चान्स मिळालं की बघ."

लग्नासाठी त्याने रजा मागितली होती. कोचने लगेच दिली. राखीव गोलकीपरवाचून कुणाचं काय अडणार? शुक्रवारचं विमान ठरलं. ह्यांनी त्याच्यासाठी शेरवानी आणून ठेवली.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मी बाहेरगावच्या पाहुण्यांच्या खोल्यांचं बघत होते तेव्हा त्याचा फोन आला.

"आई, आमच्या नंबर वनचा शोल्डर गेलाय. ट्रेनिंगमध्ये. कोच म्हणतो, सॅटर्डेला मी खेळणार."

"सॅटर्डेला तुझ्या बहिणीचं लग्न आहे."

"आय नो."

"मग सांग त्याला."

"सांगितलं. तो म्हणाला, वेडिंगला जायचं तर जा, पण मग मी दुसरा कीपर बघतो." मग म्हणाला, "आई, तू सांग. तू म्हणशील ते करतो."

असला राग मला कधी आला नव्हता. त्या कोचचा, त्या खांद्याचा, हॉलच्या तारखेचा, आणि सगळं माझ्या गळ्यात घालणाऱ्या या मुलाचा. ये म्हणावं, तर त्याचा इतक्या वर्षांचा एकुलता एक चान्स मी घालवला असं होणार. खेळ म्हणावं, तर मुलीच्या लग्नात भावाची जागा रिकामी. मी नुसती फोन धरून उभी होते. मेंदी काढायला आलेल्या बाईंसमोर हात पसरून मुलगी बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने मला मानेनेच खूण करून फोन तिच्या कानाला लावायला सांगितला.

"तू खेळ," ती म्हणाली. "लग्न काय, व्हिडिओवर पण बघशील. अँड डोंट लेट एनी इन."

रडली ती नंतर, वर जाऊन, मेंदीचे हात कशाला लागू नयेत म्हणून पुढे धरून.

शनिवारी मंगलाष्टकं झाली, हार घालून झाले. गुरुजी घाईत होते, कारण हॉल संध्याकाळी सोडायचा होता. "मुलीचा भाऊ? कानपिळीला या." माझा भाचा तयारच होता. लंडनहून आलेला, गुणी मुलगा. तो बाही सावरून पुढे झाला. तेवढ्यात मुलगी पाटावरून म्हणाली, "नको."

गुरुजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अहो, चुलतमामे भाऊही चालतो. शास्त्रात बसतं."

"शास्त्राला चालेल, मला नाही. ते कान माझ्या भावाचा आहे."

मंडपात हशा पिकला. जावयाने मान डोलावली आणि म्हणाला, "गुरुजी, प्लीज, कान रिझर्व्ह्ड आहे." भाचा हसत मागे सरला. लाह्या मात्र त्याच्याकडूनच घातल्या. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा मंत्र सुरू केला.

त्यानंतर जेवणाच्या वेळी मी एक गोष्ट केली. इतके महिने मी हसून वेळ मारून नेत होते, पण त्या दिवशी टेबला-टेबलाशी जाऊन सांगत सुटले. माझा मुलगा डॉक्टरबिक्टर होत नाहीये. तो प्रोफेशनल फुटबॉलर आहे, गोलकीपर, आणि आज, आत्ता, थोड्याच वेळात त्याची पहिली मॅच आहे. म्हणून तो इथे नाही. कुणी विचारलंही नव्हतं, तरी मी सांगत होते. ज्यांनी "तसा करतो काय" असं विचारलं होतं, त्यांच्याकडे तर मी आवर्जून गेले. ह्यांनीसुद्धा आपल्या क्रिकेटवाल्या मित्रांना, "गोलकीपर म्हणजे आपला विकेटकीपरच की," असं समजावून सांगितलेलं मी ऐकलं.

जिलेबी वाढत होते तेव्हा पर्समधला फोन थरथरला. त्याचा मेसेज. "नॉट प्लेइंग. बेंच. सॉरी आई."

मी तो ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा वर करून वाचला, फोन मला परत दिला आणि म्हणाले, "म्हणजे इथेही नाही अन् तिथेही नाही." पुढे त्यांनी पानातलं काही खाल्लं नाही.

मागाहून कळलं ते असं. सकाळी त्या नंबर वनने खांद्यात इंजेक्शन घेतलं, पट्टी बांधली आणि मी खेळतो म्हणून उभा राहिला. कोचने त्यालाच घेतलं आणि त्याने ढीगभर गोल खाल्ले. तरीही शेवटपर्यंत त्याला बाहेर काढलं नाही. माझा मुलगा जाकीट घालून बाकावर.

पण हे मागाहून. तेव्हा हॉलमध्ये भाषणं सुरू झाली होती. इथल्या पद्धतीप्रमाणे जावयाच्या जवळच्या मित्राने माइक घेतला, चार विनोद केले, आणि मग म्हणाला की नवरीचा भाऊ आत्ता या क्षणी लॅटव्हियात त्याची डेब्यू मॅच खेळतोय, सगळ्यांनी त्याच्यासाठी ग्लास वर करा. सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या. मुलगी तर स्टेजवरून दोन्ही हात उंचावून ओरडत होती. मीही उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. फोन पर्समध्ये होता. काय करणार होते मी? तिचं लग्न होतं. पुढचे दोन तास लोक येऊन स्कोअर विचारत राहिले आणि मी "अजून कळला नाही" म्हणत राहिले. मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

यावर मीठ चोळायला म्हणून की काय, पुढच्याच शनिवारी मुलाचा फोन आला. "आई, इथे सगळं क्लोज्ड आहे. मिडसमर. सगळे शेकोटी करतात, चीज खातात, मॅचबिच काही नाही." लायब्ररीतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, त्या दिवसांत आमचा अख्खा देश सुट्टीवर असतो, हे कुणीही सांगितलं असतं. म्हणजे लग्न एक आठवडा पुढे असतं तर तो आला असता, नाचला असता, कान पिळून परत गेला असता. ते ऐकून मी त्या बाईंवरच चिडले, बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना.

नंबर वनचा खांदा बरा झाला. उन्हाळा गेला. रेघेखालचं नाव रेघेखालीच राहिलं. नोव्हेंबरमध्ये शेवटची मॅच बर्फ झाडून खेळली गेली. आता लीगमध्ये वर जायचं नव्हतं की खाली, काहीच पणाला नव्हतं, आता तरी याला खेळवतील असं मला वाटलं. नाही खेळवलं. आणि दोन दिवसांनी क्लबने त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट देता येणार नाही. तुझी मॅच प्रॅक्टिस कमी पडते, असं कारण सांगितलं. हे वाक्य त्याने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

तो आला त्या रविवारी मुलगी आणि जावई साउथहॅम्प्टनहून आले. मी भरली वांगी केली होती. मुलगा वाळला होता. शांत होता, मदत करत होता, ताटं पुसत होता, आणि लॅटव्हियाचं नाव कुणी काढत नव्हतं. जावई नेहमीसारखा कानावर हात ठेवून आत आला, पण या वेळी त्याने तो हात काढला, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि मुलासमोर बसला.

"कम ऑन. जूनपासून वेट करतोय. हा कान आता दुखतो वाट बघून."

मग त्याने कोटाच्या खिशातून एक पाकीट काढलं. लग्नात मेव्हण्याला द्यायची भेट, जूनपासून तशीच बांधून ठेवलेली. मुलाने सोडलं. आत गोलकीपरचे हातमोजे होते, पांढरेशुभ्र, चांगल्यातले. मनगटाच्या पट्टीवर लग्नाची तारीख शिवून घेतली होती. म्हणजे त्या न खेळलेल्या पहिल्या मॅचचीही.

जावयाचा चेहरा पडला. हे आज द्यायला नको होतं हे त्याला उघडल्यावर कळलं असावं. मुलाने मात्र ते हातात घातले, पट्ट्या ओढल्या, बोटं उघडून-मिटून पाहिली. "फिट आहेत," म्हणाला. आणि मोज्यांसकट त्याने जावयाचा कान धरायला हात पुढे केला. जाड मोज्यांत कान काही सापडेना. दोनदा निसटला. मुलगी हसायला लागली, मग जावई.

"काढ ना ते," मुलगी म्हणाली. "नीट पिळ."

त्याने उजवा मोजा काढून काखेत धरला. मग असा पिळला की जावई खुर्चीतून अर्धा उठला. "माझ्या बहिणीला सांभाळ," तो म्हणाला, अगदी लहानपणी पाठ केल्यासारखं, "आणि तिच्या मॅचेस मिस करू नको." एवढं बोलून तो मोजे घेऊन बागेत गेला. वाळत टाकायचं काही नव्हतं. नवे कोरे होते. तरी तो तिथेच दोरीपाशी उभा राहिला.

मी खिडकीतून बघत होते. वर्षभर मी त्या क्लबच्या नावाने बोटं मोडली होती. तो घरी यावा म्हणून रोज देवापुढे दिवा लावताना मागितलं होतं. आता तो घरी आला होता, माझ्याच बागेत उभा होता. आणि मला त्या गावात जाऊन, त्या कोचला बाकावरून उठवून, एवढंच विचारायचं होतं. एक मॅच, एक तरी मॅच माझ्या मुलाला खेळू दिली असती, तर तुमचं काय गेलं असतं?